ताईसाठी घेतलेला जनरेटर

३ तारीख, सोमवार

आले एकदाची भावाकडे राहायला. माझं ऑक्सिजनचं मशीन त्याने स्वतः गाडीतून उतरवलं, तान्हं मूल उतरवावं तसं. खोली दोन खिडक्यांची. ही त्या नवरा-बायकोची झोपायची खोली, पण हट्टाने मला दिली. उशीला नवा अभ्रा, तांब्याभर पाणी, लिहायला टेबल. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे मला कशातही खोट दिसते. आज शोधूनही सापडली नाही.

फुप्फुसांनी हात टेकल्यापासून मी भिंतीतल्या विजेवर जगते. मशीन चालू तर मी चालू. इथे वीज दिवसातून एकदा तरी जाते म्हणे. भाऊ म्हणाला, ताई, तू अजिबात लोड घेऊ नकोस, आपण जनरेटर आणतोय. मी म्हटलं, बरं झालं, लोड तोच घेईल. भावजय पोट धरून हसली. तोवर उशाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आहे, दोन तास पुरणारा.

६ तारीख, गुरुवार

माझ्या पलंगावर जनरेटरच्या माहितीपत्रकांचा बाजार भरलाय. पेट्रोलचा की डिझेलचा, आवाज किती, धूर कुठे सोडायचा. घरात काय काय चालायला हवं त्याची यादी दुकानदाराने मागितली. भावाने सगळ्यात वर माझं मशीन लिहिलं. मग पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप, हॉलमधला एसी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आपोआप चालू होणारा मात्र त्याने नको म्हटलं. हाताने फिरवायचा स्विच बरा, आपल्या ताब्यात राहतो, असं त्याचं मत.

११ तारीख, मंगळवार

वायरमनने जनरेटर बसवला. मागच्या अंगणात सिमेंटचा ओटा, धुराचा पाइप भिंतीपलीकडे. बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराशी, प्रत्येक खोलीला वेगळं बटण. भावजयीने बटणांखाली नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या चिठ्ठीवर ‘ताइ’, इकार ऱ्हस्व. खोड जात नाही. पेन्सिलीने दीर्घ केला. तिने ते हसण्यावारी नेलं.

दुपारी वीज गेली, भावाने स्विच फिरवला आणि अर्ध्या मिनिटात माझं मशीन घुरघुरायला लागलं. आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या. आता सिलिंडर कशाला, नुसती अडचण, म्हणून भावाने तो संध्याकाळीच परत पाठवला.

१५ तारीख, शनिवार

आज वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पण माझं मशीन बंदच. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. पाच मिनिटांनी भाऊ धावत आला, कान पकडले. पंप चालू होता, लोड झेपला नसता, म्हणून माझं बटण घटकाभर खाली केलं होतं. आधी सांगायला हवं होतं, हे त्याने कबूल केलं. लहानपणापासून त्याला माफ करत आलेय, आजही केलं.

१८ तारीख, मंगळवार

दहा मिनिटं. या वेळी एसीमुळे. भावजय दारात उभी होती. मी हात हलवून खुणावलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे. जागची हलली नाही.

माझा गैरसमज असेल. आजारी माणसाला नसतं ते दिसतं.

२० तारीख, गुरुवार

वायरमन तपासणीला आला होता. त्याला विचारलं. तो हसला. तुमचं मशीन म्हणजे मिक्सरएवढंही नाही, म्हणाला. सगळं घर एकदम चालवलं तरी जनरेटर निम्मा रिकामा राहतो, लोडचा प्रश्नच येत नाही.

माझं बटण काढून थेट जोडून द्या, अशी त्याला गयावया केली. साहेबांना विचारून करतो, म्हणाला. भला माणूस. लगेच जाऊन भावाला विचारलं त्याने.

परत आला नाही. माझा मोबाईल भावजयीने चार्जिंगला नेला, तोही आला नाही.

२१ तारीख, शुक्रवार

भावजय खिडक्यांची मापं घेऊन गेली. नवे पडदे शिवायचे आहेत.

अठरा मिनिटं आज. नंतर भाऊ येऊन बसला. माझा हात कुरवाळला. ताई, मशीनशिवाय राहायची सवय करायला हवी, म्हणाला. किती मऊ आवाजात. मला त्याची भीती वाटते. माझ्या धाकट्या भावाची.

२२, शनिवार

नळी काढून बोर्डापर्यंत गेले. भिंत धरून, चार वेळा बसून. बोर्डाच्या झाकणामागे कागद. अक्षर भावाचं. तारखा, पुढे मिनिटं — पाच, दहा, अठरा. त्यापुढे शेरे. घाम. ओठ निळे. शुद्ध राहिली.

उद्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद, असं पेपरात आलंय. कागदावर उद्याची तारीख आहे. मिनिटं नाहीत. नुसतं — वीज येईपर्यंत.

भावजयीने मला उचलून आणलं. दाराला बाहेरून कडी घातली.

२३

नऊला गेली. जनरेटर चालू. एसी — टीव्ही — सगळं चालू

खिडकीतून हाक — आवाजच फुटत नाही. ओठांबाहेर —

बोटं निळी. पेन्सिल धरवत नाही

दाराशी दोघं. भाऊ फटीतून बघतोय. अजून लिहितेय, असं सांगितलं तिला. ती म्हणाली, मग जरा दम ध —