लेकीच्या हळदीला डबा वाजणार

४ डिसेंबर १९८८
पांडू आज परत पेटला. माझ्या नव्या जपानी रिदम मशीनला "डबा" म्हणाला आणि माझ्या साउंडवर वाजवणाऱ्या अख्ख्या बँजो पार्टीनं शब्द उचलला. बरं, डबा तर डबा. मी पण तेच लिहीन. बायकोचा, सु.चा, सख्खा भाऊ आणि ठाण्यापासून खडवलीपर्यंत ढोलकीवर त्याच्यासारखा हात नाही, म्हणून ऐकून घेतो.
"भावोजी, याला कातडं नाय. ताल निघंल कसा?"
म्हटलं, "कातड्यानंच ताल निघत असता तर आपली म्हैस कधीच पार्टीत आली असती."
सगळे हसले. पां. नाही.

६ डिसेंबर
भाचा बोटीवरून सुट्टीवर आलाय. माझ्यासाठी एक कॅसेट. जर्मनीतल्या कुठल्याशा बंदरात मिळाली, वर नाव नाही, गाव नाही. लावली. गाणारा नाही, पेटी नाही, एकही ओळखीचं वाद्य नाही. एक ठोका, धप् धप् धप्, आणि वर काहीतरी चस्-चस्. बराच वेळ तेच. वाटलं टेप अडकली. झाकण उघडलं तर रीळ मजेत फिरतंय.
आतून सु. : "अहो, गिरणी सुरू केलीत का घरात?"
बंद केली. जेवलो. परत लावली.

७ डिसेंबर
तिसऱ्यांदा. चकवते साली! ठोका तोच, पण वरची चस्-चस् आधी पोत्याखाली झाकल्यासारखी येते, मग पोतं हळूहळू सरकतं, शेवटी लख्ख उघडी. चाल बदलत नाही, चाल नाहीच. बदलतो तो आवाजच. मिठागरात बाप मीठ ओढायचा तेव्हा नुसत्या खरखरीवरून मी सांगायचो, आज दाणा जाड की बारीक. त्या कानानं ऐकायचं हे. गाण्याच्या कानानं नाही.

११ डिसेंबर
कोपरीची हळद. माती केली.
हिरामावशी धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणणारी. तिचा धवला पुरा झाल्याशिवाय आमच्यात हळद लागली असं कुणी म्हणत नाही. मला काय दुर्बुद्धी सुचली, डब्यावर ढोलकीचा ठेका लावून तिच्या गाण्याखाली सोडला. वाटलं, शोभा वाढेल. मावशी देवाचं नाव आलं की लांबवते, मागच्या बायकांनी ओळ उचलेपर्यंत थांबते. डबा कुठला थांबतोय. ती दोनदा त्याच्या मागे धावली. मग नवरीच्या डोक्यावर हात ठेवून गप्पच झाली.
"यो देवाचं नाव घेताना पन थांबत नाय. मंग मी कशाला गाऊ?"
धवला मध्येच तुटला. नवरीची आई रडायला लागली. मी डबा बंद केला, मावशीनं पहिल्यापासून परत गायला. मान वर करून बघवेना.
येताना टेम्पोत पां. : "धवल्यात मी कवा थाप मारलीय? ढोलकी मांडीवर आडवी ठेवून बसतो ना? यंत्राला अक्कल नाय, कबूल. तुमाला?"


१३ डिसेंबर
गावभर झालंय. चहाच्या टपरीवर एकजण, "काय शेठ, डबा रिकामा केलात का?" सगळ्यांचं एकच, विकून टाक.
विकणार नाही. चूक माझी, डब्याची नाही. मी त्याला ढोलकीचा सदरा घातला आणि जिथे ढोलकी स्वतः जात नाही तिथे पाठवला. उसन्या सदऱ्यात कोण धड दिसतो?

१८ डिसेंबर
डोंबिवलीला जोशी सरांकडे. लेकीला, वनीला, पेटी शिकवायचे. कॅसेट नेली होती. माणूस सभ्य, डोळे मिटून एक बाजू पूर्ण ऐकली.
"चाल कुठंय?"
"नाही, सर."
"बंदिश?"
"नाही. सर, तुम्ही गाणं शोधताय. यात गाणं नाहीच."
"ते कळलं हो मला. काय नाही ते सांगू नका. आहे काय, ते सांगा."
जिना उतरेपर्यंत उत्तर सुचेल असं वाटलं. नाही सुचलं. चहा मात्र फक्कड होता.

२७ डिसेंबर
विठ्ठलवाडी. दयालकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला. तो झाल्यावर तपासायला म्हणून डबा सरळ मोठ्या बॉक्सला जोडला. ठेक्याचं बटण सोडलं आणि एकच ठोका घेऊन नॉब फिरवत त्याचा सूर खाली खाली नेला. ढोलकी संपली. तबला संपला. कशाचाच आवाज उरला नाही, आणि टेबलावरचे स्क्रू उड्या मारायला लागले. छातीत लागत होतं, कानात नंतर.
दयाल ओरडला, "साईं, ये क्या बजा रहे हो?"
तोंडातून निघून गेलं, "स्पीकर बजा रहा हूँ."
हेच. हेच ते! ढोलकी वाजते पांडूच्या मांडीवर, माझे बॉक्स तिला फक्त लांब नेतात. मावशीचा गळा तिच्याकडे, माझ्याकडे भोंगा. पण हा आवाज दुसरीकडे कुठेच वाजत नाही, जन्मतोच बॉक्सात. याच्या मागे खरा कुणी उभा नाही, मग याला खोटा कोण म्हणणार? आजवर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत आलो. पुढाऱ्यांचे, बुवांचे, गणपतीच्या वर्गणीचे. पहिल्यांदा माझ्या बॉक्सांना स्वतःचा आवाज मिळाला.

२ जानेवारी १९८९
जोशी सरांना सांगून आलो. सर म्हणाले, "म्हणजे तुमचं वाद्य म्हणजे ती लाकडी खोकी?" हो म्हटलं. "मला अजून आवडलेलं नाही. पण आता ऐकताना चाल शोधणार नाही. ठेवा आठवडाभर कॅसेट."
नावडलं तरी ठेवून घेतलं. एवढं खूप झालं.

२० जानेवारी
वनीची हळद फाल्गुनात. आज घरात जाहीर केलं. आधी धवला, उघडा, माईकसुद्धा नाही. मग पांडूची ढोलकी आणि बँजो. मग डबा, एकटा. ढोलकीची नक्कल नाही, सिनेमाची चाल नाही.
पां. ताटावरून उठला. "डबा वाजला तर मामा येणार नाय."
सु. पांढरी पडली. मामानं हात धरल्याशिवाय पोरगी मांडवात जाणार कशी?

२१ जानेवारी
सु. बोलत नाही. बोलली ती एवढंच, "लेकीचं लग्न हाय, तुमची परीक्षा नाय."
वनीला बाजूला घेऊन विचारलं. तिची हळद, ती नको म्हणाली असती तर त्याच क्षणी विषय संपवला असता.
"वाजवा बाबा. पण मैत्रिणींना सांगून ठेवलंय, आम्ही नाचणार. मध्येच कुणाला घाबरून बंद केलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी."
"आणि मामा?"
"मामाला तुम्ही आणा. भांडण तुमचं आहे."
पोरगी कुणावर गेलीय ते सांगायला नको.

५ फेब्रुवारी
हिरामावशीकडे नारळ घेऊन गेलो. कोपरीचं बोललो. ती मासळी साफ करत होती, वर बघितलं नाही.
"माझ्या धवल्याखाली नको घालू त्याला. माझं झालं का तुझं तू वाजव, नायतर आपटून फोड. मला कशाला इचारतंस?"
ही परवानगीच समजतो.

१२ फेब्रुवारी
पांडूच्या घरी. आधी दारातच, मग ओटीवर बसलो. ओरडला नाही, ते जास्त लागलं.
"भावोजी, ठाण्यातल्या दोन पार्ट्यांनी ढोलकीवाला काढला. डबा घेतला. तुमी तर माझ्या बहिणीच्या घरात घेतलाय."
खरं आहे. खोटं कसं म्हणू? म्हटलं, "त्यांचा डबा तुझी नक्कल करतो, म्हणून तुझं पोट मारतो. मी कोपरीला तेच केलं, तोंडावर आपटलो. आता तो तुझ्या वाटेत येत नाही. तू जे वाजवतोस ते तो वाजवणार नाही. तो जे वाजवतो ते तुझ्या बापाला जमणार नाही."
"लोकांना यो फरक कलंल?"
"वाजवल्याशिवाय कसा कळणार?"
"आन नाय कलला तर?"
चहा आला, दोघांनी प्यायला. निघताना म्हटलं, येशील ना. तो आत गेला.

१८ मार्च
हळद. मांडवात, बॉक्सावर वही ठेवून लिहितोय. ऊन अजून कलायचंय.
धवला झाला. हिरामावशी हवं तिथे थांबली, हवं तिथे लांबली, माईक नाही म्हणून शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प. पांडू नाही. त्याची जागा रिकामी ठेवली, सतरंजीवर कुणाला बसू दिलं नाही. बँजोवाल्यांनी ढोलकीशिवाय दोन गाणी ओढली, लंगडत.
सु. जवळ येऊन म्हणाली, "अजून थांबा. येल तो."
थांबलो. मग वनीनं पिवळ्या तोंडानं माझ्याकडे बघितलं.
दाबलं.

धप्. पहिल्या ठोक्याला म्हातारे दचकले, एकानं टोपी सावरली. कुणीतरी बोललं, "गाना कवा चालू होनार?" होणार नाही, बाबा. हेच आहे. वनीच्या मैत्रिणी उठल्या. चस्-चस् अजून पोत्याखाली आहे, मुद्दाम झाकून ठेवलीय, माझा हात नॉबवर आहे. मागे बायकांच्या घोळक्यात दोन-तीन खांदे हलतायत, मालकिणींना पत्ता नाही. दोन म्हातारे उठून गेले पण. जाऊ देत.

सु.नं दंड धरला माझा. मांडवाच्या तोंडाशी पांडू उभा आहे. धुतलेला सदरा, डोक्याला फेटा, ढोलकी खांद्याला. केव्हापासून उभा आहे कुणास ठाऊक. तोंड दगडाचं. आत येत नाही. जात पण नाही.
सु. म्हणते, "बंद करा, तो आत येल."
नाही. बंद केला की तो आत येईल, आणि मला काय म्हणायचं होतं ते त्याला कधीच ऐकू येणार नाही. ऐकू दे त्याला आधी.
पोतं सरकवतोय, हळूहळू.