अदलाबदल बंद

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझाच जुना प्रोग्राम वापरून केलेलं माझं काम छापून येतंय. दाटीवाटीने भरलेला, अतिशय थंड द्रव. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे संगणकात चौसष्ट मण्यांची माळ. अणूंनी जागांची अदलाबदल केली की माळा एकमेकींत गुंफतात आणि द्रव अडथळ्याशिवाय वाहतो. माझ्या द्रवात मात्र त्या शेवटपर्यंत गुंफल्याच नाहीत! असं आजवर कुणालाच आढळलेलं नाही, म्हणून माझे मार्गदर्शक सर बेहद्द खूश आहेत. वीस एप्रिलच्या परिषदेत मला बोलायचंय. सोबत सगळी आकडेमोड पाठवलीय, एकदा डोळ्यांखालून घाल. वहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, तो तसाच राहो.
तुझी धाकटी

दि. १२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, त्याला कामाचं निमित्त सांगत नाही. तुझे कागद मिळाले त्याच दिवशी चूक दिसली. माळा गुंफल्या नाहीत, कारण त्यांना परवानगीच नव्हती. चाचणीपुरती मी प्रोग्राममध्ये ‘अदलाबदल बंद’ अशी ओळ घातली होती, ती काढायची राहिली.

आणि तरी मी मूग गिळून बसलो. प्रोग्राम लिहिण्यात माझी दहा वर्षं गेली. आज मी पहिल्या वर्षाच्या पोरांना घर्षण शिकवतो आणि परिषदेचं बोलावणं तुला. माझा जळफळाट झाला. तू भर सभेत तोंडघशी पडशील, या विचाराने बरं वाटायचं. धाकटीला उत्तर दिलंत का, असं तुझ्या वहिनीने विचारलं, तर मी हो म्हणालो. परिषदेत उभी राहू नकोस.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
दादा

दि. १७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. ती ओळ मला तीन आठवड्यांपूर्वीच सापडली. काढल्याबरोबर माळा भराभर गुंफल्या. काम मागे घेतलं, परिषद गेली. ही ओळ कुणाची, असं सर विचारणार हे ठाऊक होतं. तिच्याशेजारी तुझी आद्याक्षरं होती. ती पुसून मी माझी घातली. वाटलं, दादाच्या नजरेतून सुटलं असेल, कळलं तर जिवाला लावून घेईल. म्हणून तुलाही कळवलं नाही.

नवी आकडेमोड सुरू केलीय. ती तपासायला दुसऱ्या कुणाला देईन. वहिनीला खरं सांग.

लोभ आहे, वाढावा असं या वेळी लिहवत नाही.
तुझी धाकटी