अलार्म वाजला नाही त्याबद्दल

मॅडम,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. खडकीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. नवजात बाळांना ठेवायच्या काचेच्या पेटीचं सॉफ्टवेअर आपण तिथे लिहायचो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कागदावर चौकोन काढून मला समजावलं होतं. छोटं फंक्शन, म्हणजे एखादं सूत्र, हेडर नावाच्या सामायिक फाइलमध्ये लिहिलं, की ते वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्याचा मजकूरच चिकटवतो. "मूळ बदललंस तरी आधी कंपाइल झालेल्या फाइलमध्ये जुनीच नक्कल राहते," तुम्ही म्हणालात. "तिला कुणी कळवायला जात नाही. सगळं पुन्हा कंपाइल करायचं. कंटाळा आला तरी." मी हो म्हटलं.

पुढे तापमानाचा सेन्सर बदलला, म्हणून त्याच्या आकड्यावरून तापमान काढायचं हेडरमधलं सूत्र मी बदललं. स्क्रीनची फाइल पुन्हा कंपाइल केली. अलार्मचा भागही तेच सूत्र वापरायचा, पण तो आधीच कंपाइल करून ठेवलेल्या वेगळ्या लायब्ररीत होता, त्याला मी हातही लावला नव्हता. सगळं कंपाइल व्हायला तास लागायचा आणि मला घरी जायचं होतं. चाचणीसाठी पेटी एका हॉस्पिटलात गेली. चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरांचा फोन येतो, तुम्ही घेता, आणि समोरचा आवाज मलाही ऐकू येतो. "बाळ तापलंय. स्क्रीनवर आकडा दिसतोय आणि तुमचा अलार्म गप्प." अलार्म अजून जुन्याच सूत्रावर चालला होता. सिस्टरांचं लक्ष गेलं म्हणून बाळ वेळेत बाहेर काढलं, आणि ते बरं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "हिला सांगितलं होतं का, सगळं पुन्हा करायचं म्हणून?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी टेबलाकडे पाहत राहिले. मग तुम्ही म्हणालात, "राहिलं असेल माझ्याकडून." महिन्याभरात तुम्ही नोकरी सोडलीत. वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवता असं कळलं, पण मी भेटायला आले नाही. आले ते तुम्ही गेल्यावरच. तुमच्या यजमानांनी चहा दिला. "तुमच्याबद्दल चांगलं बोलायची," म्हणाले. मी चहा संपवला आणि निघाले.

आता फाइली जोडून एक प्रोग्राम करताना कंपायलर त्या सगळ्या एकत्र पाहतो, एका फाइलमधलं फंक्शन दुसरीत नेऊन चिकटवतो. पण आधीच तयार होऊन पडलेल्या लायब्ररीतली जुनी नक्कल त्यालाही बदलता येत नाही. हे मी नव्या मुलामुलींना दरवर्षी शिकवते. उदाहरण म्हणून त्या पेटीची गोष्ट सांगते, तुम्ही बजावलं होतं हेसुद्धा सांगते. फक्त, "आमच्या ऑफिसात एक मुलगा होता, त्याने ऐकलं नाही," असं म्हणते.