चिमूटभर गाळ

माय, तुला अन् बाबाला माझा जयभीम.

मी बरी हाय. इथल्या गावात शिरलेला समुद्र ओसरला. आमी हिंगोलीचे दहा जण इथं कोकणात घराघरातला गाळ काढून राहिलो. जेवण बराबर मिळतं.

आपल्या साखऱ्यात तलावाचा गाळ वावरात टाकतेत ना, तसाच मी इथल्या सुलभाकाकूंच्या घरातला गाळ हौसेनं त्यांच्या भातशेतीत टाकला. काकू रागावल्या न्हाईत. त्यांनी चिमूटभर गाळ माझ्या जिभेवर ठेवला. निव्वळ मीठ! भात जळाला असता. दोन दिवस लागले परत उचलायला.

आता डोळा लागला की समुद्र साखऱ्याला येतो. आपली विहीर काठोकाठ भरते. तू घागर घेऊन पळत येतीस अन् मी वरडते, "थांब माय, आधी मला चाखू दे."

विहिरीला पाणी हाय का गं?

तुझी शीतल