मला नीट दिसलं नाही

त्सुबोया, नाहा
१२ नोव्हेंबर १९७९

प्रिय सेइतोकु,

तू आणि घरची मंडळी बरी असाल असं धरून चालते. पंधरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस, एवढंच मागणं. पत्ता तुझ्या मावशीनं दिला. ओसाकात आता थंडी पडली असेल. इथं ऑक्टोबरातल्या वादळानं तालमीची कौलं उडाली, ती शेजारच्या कुंभारांनी बसवून दिली. कारल्याचा वेल मात्र मुळासकट गेला.

बाबांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस यातून अंथरूण सोडत नाही, हे उभे कसे राहतात? डावा पाय रोवतात, श्वास पोटात धरून हळू सोडतात आणि उठतात. साठ वर्षं तेच तर केलंय त्यांनी.

मुलांना तेव्हापासून मीच शिकवते. आईबाप विचारतात, कराटेनं काय होतं? मी सांगते, अन्न पचतं, पाठ सरळ राहते, राग आवरतो. पहिल्या दोन गोष्टी स्वतःवरून सांगते. तिसरी तुझ्यावरून.

तू तालमीत आलास तेव्हा दहा वर्षांचा होतास, मी तेराची. दारात चपला वेड्यावाकड्या काढून तसाच आत शिरलास. तुला मागे ओढून चपला नीट लावायला मी शिकवलं. टाचा जुळव, नजर खाली, कमरेतून वाक, हा पहिला नमस्कारही माझ्याकडून शिकलास. तोवर पहाटेचे बाबा माझ्या एकटीचे असायचे. वर्षभरात ते म्हणायला लागले, "त्सुरु, याची पावलं बघ जरा." तुझे खांदे ते हातानं दाबून बघायचे, तुझा पाय स्वतःच्या पायानं सरकवायचे. मला नुसतं तोंडी सांगायचे. आईसुद्धा मांसाचा मोठा तुकडा तुझ्या वाडग्यात टाकायची, म्हणायची, "बिन आईचं पोर आहे." मला आई होती, बापही होता, तरी मी तुझं वाडगं बघत जेवायची. अशी सतरा वर्षं गेली.

आता त्या दिवसाबद्दल. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहिते.

बारच्या गल्लीत त्या दारू प्यालेल्या अमेरिकन शिपायानं तुझी कॉलर धरली, तेव्हा मी शिवणाच्या दुकानाच्या पायरीवर होते. दहा पावलांवर. त्यानं तुला तीन थोबाडीत दिल्या. तुझे हात मांड्यांना चिकटलेले होते. चौथ्या वेळी तू फक्त बाजूला झालास. तो स्वतःच्याच झोकानं गटाराच्या दगडावर आपटला, डोकं फुटलं त्याचं. सगळं दिसलं मला, भर दुपार होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकशी करून गेले. तालमीबाहेर हात उचलणाऱ्याला बाबा ठेवत नसत. बाबांनी तुला समोर बसवलं आणि मला विचारलं, "तू तिथं होतीस. यानं हात उचलला का?"

मी म्हणाले, "मला नीट दिसलं नाही."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग बाबांना वाकून नमस्कार केलास, पट्टा घडी करून ठेवलास आणि गेलास. त्या रात्री मी पोटभर जेवले, सेइतोकु. हेही तुला माहीत असावं.

मागच्या महिन्यात बाबांना आंघोळ घालत होते. ते म्हणाले, "सेइतोकु असता तर उचलून नेलं असतं मला." पुन्हा तेच नाव. पाणी ओतता ओतता मी सगळं सांगून टाकलं. पश्चात्तापानं नव्हे, चिडून.

ते म्हणाले, "त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याला विचारलंच कुठं? मला विचारलंत."

बाबांनी अंग पुसून घेतलं, जेवले नाहीत. सकाळी मुलांसमोर खुर्चीत बसून म्हणाले, "त्सुरु आजपासून दाराशी, शेवटच्या रांगेत. तो येऊन सांगेपर्यंत." आता मी पंचेचाळीसची, शिकवते तिथूनच, आणि माझ्या पुढे आठ वर्षांची पोरं उभी असतात. एका पोरीनं विचारलं, "ताई, तू चुकलीस का?" हो म्हणाले.

शिक्षेचं वाईट वाटत नाही. ती तुझ्यासाठी दिली, हे अजून खुपतं. खोटं कशाला लिहू? शेवटच्या रांगेत उभी राहूनही मनात येतं की मला धाक दाखवायलासुद्धा बाबांना तूच लागतोस.

ते स्वतः तुला लिहू शकत नाहीत. डाव्या हातानं तुझं नाव गिरवतात आणि कागद चुरगळून टाकतात. चूक त्यांचीही होती, असं ते मला म्हणाले. तुला ते स्वतः सांगायचं आहे त्यांना. डॉक्टर वसंतापलीकडचं काही बोलत नाहीत.

ये. मला माफ करायला नको, त्यांना भेटायला ये. यायचं नसेल तर तसं त्यांना लिही. त्यांना आता वाचता येत नाही, मीच वाचून दाखवीन. माझ्याबद्दल जे लिहिशील तेही, एक शब्द न गाळता.

जिला सगळं दिसलं होतं, ती
त्सुरु