अकरा वेळा बरा झालेला गुडघा

तीर्थरूप बाबांस, दुखऱ्या गुडघ्यासकट सर्वांगाला नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या गरम झऱ्यांवरच्या जुन्या स्नानगृहाचं संग्रहालय होतंय. पाहुण्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या मी वाचते. एका गृहस्थांनी लिहिलंय, ‘गुडघा पूर्ण बरा झाला.’ पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी अकरा वर्षं!

मी हसले, तर इथली एक म्हातारी सेविका म्हणाली, “अगं, गुण आला नसता तर तो परत कशाला आला असता?”

बाबा, मागच्या पत्रात मीच या पाण्याचे गोडवे गायले आणि तुम्ही ऑपरेशन पुढे ढकललंत. चूक माझी. या पाण्यात बसून बरं वाटतं, एवढंच खरं.

आई फार बोलते का हो? बोलू द्या. मी महिनाभर रजा टाकली आहे. डॉक्टरांकडून तारीख तेवढी घ्या.

तुमची,
थोरली