मल्लिकार्जुन, शंभर टक्के

२७ जुलै
प्रज्ञाचा नंबर लागला. टीव्हीवरच्या त्या करोडवाल्या प्रश्नांच्या खेळात. अंबाजोगाईला झेरॉक्सच्या दुकानापाशी उभ्या उभ्या सांगितलं, चोरी सांगावी तसं हळू.
अडलं तर फोन लावायला तीन माणसांची नावं द्यायची असतात. एक लायब्ररीतले सर, एक तिचा मामेभाऊ. तिसरं माझं. आडनाव, गाव, सगळं पडद्यावर येतं म्हणे. मी म्हणलं, तुझे पप्पा बघतील. आमचे तात्या बघतील. आख्खी धर्मापुरी बघंल.
"बघू दे की. कधीतरी बघायचंच हाय."
ती बुद्धविहाराच्या गल्लीतली. मी पुढाऱ्याचा, तात्यांचा पुतण्या. तीन वर्षं आम्ही एका एसटीतसुद्धा शेजारी बसलो नाही.
जिंकली तर पुणे. रूम, क्लास, स्पर्धा परीक्षा. नाही तर नांदेडचं स्थळ, त्यांच्यातलंच, बँकेतला मुलगा. पप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. कंडक्टर आहेत, रिटायरमेंट जवळ आलीय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

३१ जुलै
मुंबईहून शूटिंगवाले आले. खेळाच्या आधी दाखवायची तिची छोटी फिल्म. घर बघून त्यांचं तोंड उतरलं. पक्कं घर, नळ, फ्रीज, भिंतीवर बाबासाहेब, कपाटभर पुस्तकं. एक पोरगी विचारत होती, अजून काही अडचण? आजारपण वगैरे?
तिच्या पप्पांना, काकांना, सुट्टीच्या दिवशी कंडक्टरची खाकी घालायला लावली. प्र.च्या डोक्यावर घागर दिली आणि गल्लीच्या टोकाच्या हापशावर पाठवली. त्या हापशाला कधीपासून पाणी नाही.
मी कॅमेऱ्यापुढं जाऊन उभा राहिलो. म्हणलं, रिकामी घागर देता डोक्यावर, लाज वाटत न्हाई का बे. काका माझ्याकडं बघायला लागले, हा हिचा कोण म्हणून. प्र.नं नुसती मान हलवली. निघून आलो.
संध्याकाळी तिचा मेसेज: रिकामी होती म्हणून जड न्हाई लागली. तू चिडत जाऊ नको.

५ ऑगस्ट
फोनवर तयारी. मी विचारतो, ती सांगते. चुकलं तर मी ओरडतो, मग ती फोन ठेवते, मग मी परत लावतो.
खेळ तसा नीट बांधलाय. खुर्ची एकच. कलेक्टरच्या पोरालाही तीच, कंडक्टरच्या पोरीलाही तीच. प्रश्न विचारताना आडनाव बघत नाहीत. आमच्याकडं साधा पाण्याचा तांब्या देताना बघतात.
आणि मधेच सोडता येतं. हा नियम लई आवडतो आपल्याला. माहीत नसलं की म्हणायचं, इथवरचं घेऊन जाते. वर टाळ्या. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली, लॅबच्या सरांची कॉलर धरून, तेव्हा वडलांनी, आप्पांनी, महिनाभर तोंड बघितलं नाही.
प्र.ला म्हणलं, डाऊट असला की उठ. म्हणाली, "तू कधी उठलास का डाऊट असताना? तुला डाऊट येतच न्हाई."
हसली. मला ती स्तुती वाटली.

११ ऑगस्ट, सोमवार
आई श्रावणी सोमवारची परळीला. आज मुंबईत प्र.चा खेळ, म्हणून मी दिवसभर गच्चीवर, तिथंच रेंज येते. दुपारी फोन. त्या सूटवाल्याचा आवाज, प्रज्ञाजी अडल्यात, मदत करा, वेळ सुरू. मग तिचा आवाज, एका दमात वाचत गेली. झारखंडमधल्या देवघर इथे यांपैकी कोणतं ज्योतिर्लिंग आहे? त्र्यंबकेश्वर, वैद्यनाथ, रामेश्वर, मल्लिकार्जुन.
अर्धा मिनिट मिळतो. त्यातला बराच वाचण्यातच गेला.
त्र्यंबक नाशिकचं. वैद्यनाथ म्हणजे आपलं वैजनाथ, परळीचं, आई आत्ता तिथंच रांगेत. रामेश्वर खाली समुद्राकाठी. उरलं एक.
"मल्लिकार्जुन."
"नक्की?"
"शंभर टक्के."
लाइन कट.
गच्चीवर एकटाच नाचलो.

तीच तारीख, संध्याकाळ
आई आली, प्रसाद दिला. सहज विचारलं, मल्लिकार्जुन कुठंशी गं?
"श्रीशैल्याला. तुझी मावशी गेलती की आंध्रात."
मग देवघरला काय? म्हणाली, मला काय माहीत बाबा. मोबाइलवर बघितलं. झारखंडवाले म्हणतात वैद्यनाथ त्यांचं. परळी म्हणते आपलं. जुना वाद आहे. परीक्षेच्या पुस्तकांत बहुतेक त्यांचंच लिहितात.
बावीस वर्षं इथं राहतो. हे मला कुणी सांगितलं नाही कावून?
जेवलो नाही. ती उठली असंल. माझं न ऐकता उठली असंल. देवा वैजनाथा, इथला तिथला जिथला असशील तिथला, तिनं माझं ऐकलेलं नसू दे.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदनाला आली. पांढरा ड्रेस. गर्दी सरल्यावर कंपाउंडपाशी गाठलं.
सांगता येत नाही म्हणाली, टीव्हीवर दिसेपर्यंत कुणालाच नाही, सही घेतलीय. मी म्हणलं एवढंच सांग, माझं ऐकलंस का?
"टीव्हीवर बघ."
तिच्या तोंडावरून काही कळेना. ह्या खेळाची सगळ्यात वाईट गोष्ट हीच. निकाल लागून गेलेला असतो आणि माणसं आशेवर.

२४ ऑगस्ट
गावात रोज तिचे पैसे वाढतायत. पारावर कोण म्हणतं पन्नास लाख, कोण म्हणतं करोड, काका आता कशाला तिकिटं फाडतील. काका रोज ड्यूटीवर जातात.
आज नांदेडची माणसं येऊन गेली. पांढरी गाडी.
बंड्या म्हणाला, "लेका, करोडपतीण हातची चालली बे तुझ्या." त्याच्या तोंडावर दिली. ओठ फुटला त्याचा. लहानपणापासूनचा दोस्त. मग त्याला दवाखान्यात मीच नेलं.
प्र. फोन उचलत नाही.

९ सप्टेंबर
तात्यांनी ग्रामपंचायतीपुढं मोठा पडदा लावला. गावची लेक म्हणून भाषणही केलं. त्या गल्लीत तात्या मतं मागायच्या वेळेलाच जातात. काका पुढच्या खुर्चीत, इस्त्रीच्या कपड्यांत. प्र. घरीच थांबलेली.
घागर दाखवली. मागं रडकं संगीत. काका खाली बघत राहिले.
चांगली खेळली. लई चांगली. एकेक उत्तर शांत. मग तो प्रश्न. माझा फोन जोडायच्या आधी काय बोलली ते मला आज कळलं.
म्हणाली, पुस्तकात मी वैद्यनाथ वाचलंय. पण आमच्या शेजारीच परळी आहे, म्हणून गोंधळ होतोय. तिथल्याच माणसाला विचारते.
सूटवाल्यानं विचारलं, हे कोण तुमचे?
थांबली जरा. "मित्र आहे. अभ्यास त्यानंच घेतला माझा."
पडद्यावर माझं नाव. आडनावासकट. चौकात कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग माझा आवाज. शंभर टक्के. तात्या सभेत बोलतात, अगदी तसाच.
सूटवाला म्हणाला, विचार करा, इथवरचं घेऊन उठू शकता. उठली असती तर पुणे झालं असतं.
"नाही. त्याला माहीत नसतं तर तो बोलला नसता. मल्लिकार्जुन लॉक करा."
बरोबर उत्तर हिरवं झालं. वैद्यनाथ. ती पार खाली आली.
आणि चौक पेटला. आमचं वैजनाथ झारखंडला? कुणी चप्पल मारली पडद्यावर. मी वैजनाथ झारखंडला दिलं नाही म्हणून मला खांद्यावर घेतलं. वरून दिसलं, काका खुर्ची बाजूला सारून गर्दीतून वाट काढत चाललेले. त्यांना कुणी वाट देत नव्हतं.

११ सप्टेंबर
बॅनर लागला. माझा फोटो, मागं देऊळ. 'परळीचा आवाज'. तिचं नाव कुठंच नाही.
तात्यांना म्हणलं, उत्तर चुकलं तात्या. पोरीचं नुकसान झालं.
"चुकलं कसं? वैजनाथ परळीचंच हाय. तू ठणकावून सांगितलंस." मग आवाज उतरवून, "ते मित्र-बित्र आपण मनावर घेतलं न्हाई. तू पण घेऊ नको. रविवारी सत्कार हाय, तिथं बोल."
आप्पांनी पाठीवर हात ठेवला. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा. त्या हाताचं ओझं अजून जात नाही.

१३ सप्टेंबर
तिचा फोन आला. दुपारी, मी रानात.
म्हणाली, रविवारी संध्याकाळी नांदेडची माणसं तारीख धरायला येणार. मी बोलायला लागलो, वैजनाथ आपलंच हाय, पुस्तकं चुकीची, खेळ चुकीचा, केस करू. तिनं बोलू दिलं सगळं.
मग विचारलं, "वैजनाथाचं राहू दे. मल्लिकार्जुन देवघरला हाय, हे तुला माहीत होतं?"
ह्या वेळी लाइन कापायला कुणी नव्हतं. ती थांबली. मी सोयाबीनकडं बघत उभा.
"पप्पांना म्हणलंय मी, तो खोटं बोलत न्हाई. पप्पा म्हणाले, ज्याला माहीत न्हाई म्हणता येत न्हाई, त्याच्या भरवशावर पोरगी कशी सोडू. मी म्हणलं, येतं त्याला. म्हणाले, बघू."
"मग मी काय करू?"
"मला नको सांगू आता. उद्या माइक हाय तुझ्या हातात. पप्पा ऐकायला येणारेत."

१४ सप्टेंबर, सकाळ
झोप नाही. दाढी केली. आईनं फेटा काढून ठेवलाय.
भाषण तात्यांनी लिहून दिलंय. पाठ होण्यासारखं आहे, शेवटी घोषणा. खिशात ठेवलंय. खरं बोललो तर तात्या तिथंच माइक ओढतील, आप्पांचा हात परत जाईल, आणि प्र.चे गेलेले पैसे काही येणार नाहीत. ती लग्नाला नाही म्हणेल का तेही तिनं सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, पप्पा येणारेत.
मला माहीत नव्हतं. तीनच शब्द. आरशापुढं म्हणून बघितले. तिसऱ्याला आवाज बसतो.
खाली जीप हॉर्न देतेय. तात्या नाव घेऊन हाका मारतायत. स्टेजवरून मागच्या खांबापाशी काकांचा खाकी शर्ट दिसला तर...